नाममुद्रा आणि आद्याक्षर

नावातील दोन-तीन अक्षरे एकमेकांत गुंफून सिद्ध होणाऱ्या चिन्हास आपण मोनोग्राम म्हणतो. रुमालाच्या कोपऱ्यावर वा वाड्याच्या लोखंडी फाटकावर तो दिसला, म्हणजे आपण तो वाचीत नाही, ओळखतो. वाचणे आणि ओळखणे यांतील हा भेद ध्यानी घेतल्यावाचून या चिन्हाचे मर्म उकलत नाही.

रायपूरच्या परिसरातीलच उदाहरण घेऊ. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकांत या दक्षिण कोसलात शरभपुरीय घराणे राज्य करीत होते. त्यातील प्रसन्नमात्र राजाची सुवर्णनाणी पातळ पत्र्यावर एकाच बाजूने ठसा उठवून घडविलेली आहेत. वरच्या भागात गरुड, शंख व चक्र. खाली पेटिकाशीर्षक लिपीत राजाचे नाव. निरक्षराने गरुड ओळखावा, साक्षराने नाव वाचावे! चिन्ह आणि अक्षर येथे शेजारी नांदतात. एकरूप होत नाहीत.

ते एकरूप झालेले पाहावयाचे, तर बडोद्याच्या गायकवाडांच्या नाण्यांकडे वळावे लागते. गणपतरावांच्या (१८४७–५६) रुपयावरील फार्सी लेख मोगल बादशहाच्या नावाचा. त्यातच ‘ग गा’ ही नागरी अक्षरे. ती गुंफिलेली नाहीत, तरी त्यांचे कार्य मोनोग्रामचेच. सार्वभौमत्वाचा मान दुसऱ्याच्या नावाला देऊन आपले अस्तित्व दोन अक्षरांत सुचवावयाचे, अशी ही युक्ती. साहित्यशास्त्राच्या परिभाषेत ही लक्षणाच होय : अंशाने पूर्णाचा बोध. १८५७ नंतर बादशहाचे नाव गेले आणि ‘सेनाखासखेल समशेर बहादूर’ हे गायकवाडांचे किताब आले. आद्याक्षरे मात्र राहिली. गरजेपोटी पत्करलेला संक्षेप घराण्याची ओळख होऊन बसला होता.

परंतु लक्षणेला संदर्भ लागतो. दुसरे सयाजीराव (१८१९–४७) आणि तिसरे सयाजीराव (१८७५–१९३९) यांचे आद्याक्षर एकच. केवळ त्या अक्षरावरून दोघांतील भेद कळावयाचा नाही. समकालीनांना त्याची आवश्यकताही नव्हती, कारण गादीवर कोण आहे हे ते जाणत होते. आद्याक्षर परिचितांशी बोलते. अपरिचितासाठी पूर्ण नावच हवे. शरभपुरीयांचे राज्य लयास जाऊन चौदा शतके लोटली, त्यांना ओळखणारे कोणी उरले नाही. तरीही प्रसन्नमात्राचे नाव आज वाचता येते, ते त्याने पूर्ण लिहविले म्हणूनच.