पाचटातील बुरशी आणि ज्येष्ठांचा श्वास

ऊस तुटून गेला की हुपरीच्या शिवारात पाचट उरते. त्यातील चिवट सेल्युलोज व लिग्निन फोडून अन्नद्रव्ये मातीला परत देण्याचे काम बुरशी करते. म्हणून पाचट जाळू नये, कुजू द्यावे.

मात्र कुजलेला ढीग ढवळताना ॲस्परजिलससारख्या बुरशीचे बीजाणू धुळीसोबत उडतात. जेमतेम २ ते ३ मायक्रॉनचे हे कण फुप्फुसात खोलवर पोहोचतात. निरोगी शरीर त्यांचा बंदोबस्त करते. परंतु दमा, पूर्वीचा क्षयरोग किंवा अनियंत्रित मधुमेह असलेल्या आणि स्टिरॉइड घेणाऱ्या ज्येष्ठांनी या कामापासून दूर राहावे. इतरांनी ढीग आधी भिजवावा, वाऱ्याकडे पाठ ठेवावी, एन-९५ मास्क लावावा.

कामानंतर ४ ते ८ तासांनी ताप, कोरडा खोकला व धाप सुरू झाल्यास दुखणे अंगावर काढू नका. डॉक्टरांना पाचटाच्या कामाविषयी आवर्जून सांगा. निदानाची वाट अनेकदा तेथूनच सापडते.

आयुष्यभर रानात राबलेल्या आजोबांना ‘घरी बसा’ म्हणणे कठीण असते. त्यांना रानातून उठवू नका. ढिगापासून लांब, बांधावर बसवून देखरेख सोपवा. त्यांचा मानही राहील आणि श्वासही.