प्रकाशशंकू, कृष्णविवर आणि श्वेतविवर

कृष्णविवर म्हटलं की सगळं गिळून टाकणारा राक्षस डोळ्यांसमोर येतो. तो आधी पुसून टाकू. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं, तर त्याची त्रिज्या जेमतेम ३ किलोमीटर भरेल आणि पृथ्वी आहे त्याच कक्षेत फिरत राहील. अंधार होईल, थंडी पडेल, पण कोणी ओढलं जाणार नाही. मग आत गेलेलं बाहेर का येत नाही? त्यासाठी प्रकाशाची वाट कुठे जाते ते बघावं लागेल.

ती कागदावर काढू. सोलापूरकरांना माग काही नवा नाही. उभा ताणा म्हणजे काळ, आडवा बाणा म्हणजे अंतर असं समजा. जागच्या जागी बसलेला माणूस म्हणजे सरळ उभी रेघ. आता सिद्धेश्वर तलावाच्या काठी दिवा लावला. त्याचा प्रकाश पुण्याच्या अंतरावर जायला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही, तरी थोडा वेळ लागतोच. सेकंदाला ३ लाख किलोमीटर. माप असं घेऊ की प्रकाशाच्या रेघा दोन्ही बाजूंना ४५ अंशांत तिरप्या जातील. हा प्रकाशशंकू. प्रकाशापेक्षा वेगाने काहीच जात नाही, म्हणून इथून पुढे आपण जिथे पोचू शकतो ते सगळं या शंकूच्या आत. (भविष्य सांगणाऱ्यांनीही एवढी मर्यादा पाळायला हरकत नाही!)

वस्तुमानाजवळ अवकाश-काल वाकतो, हे आइन्स्टाइनने १९१५ साली मांडलं. चित्रात त्याचा अर्थ असा, की शंकू वस्तुमानाकडे कलतात. जितकं जवळ, तितका कल जास्त. एका अंतरावर शंकूची बाहेरची कड अगदी उभी होते. म्हणजे बाहेर जायला निघालेला प्रकाश तिथल्या तिथेच राहतो. हे घटना-क्षितिज. त्याच्या आत अख्खा शंकू केंद्राकडे झुकलेला. मग केंद्र ही जागा राहतच नाही, तो आपला 'उद्या' होतो. उद्याकडे पाठ फिरवून कोणाला चालता येतं? आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरचं कृष्णविवर सुमारे ४३ लाख सूर्यांएवढं आहे. त्याच्या क्षितिजाआत गेलेल्याला, रॉकेट कितीही पेटवलं, तरी फार तर मिनिटभर आणि वर काही सेकंदच मिळतात.

आता हेच चित्र उलटं धरा, काळाची दिशा फिरवा. शंकू सगळे बाहेरच्या बाजूला झुकले. आत जायला वाट नाही, आतल्याला बाहेर पडल्याशिवाय गत्यंतर नाही. हे श्वेतविवर, आणि आइन्स्टाइनची समीकरणं तेही मान्य करतात.

आपल्या कोल्हापूरचे डॉ. जयंत नारळीकर यांनी ही कल्पना गंभीरपणे घेतली होती. १९७४ साली त्यांनी अप्पाराव आणि नरेश दधीच यांच्यासह 'नेचर'मध्ये लेख लिहिला. श्वेतविवरातून उसळून येणाऱ्या प्रारणाची ऊर्जा वाढलेली दिसते, तेव्हा अवकाशातल्या उच्च ऊर्जेच्या प्रारणाचा उगम तिथे असू शकेल, असा त्यांचा विचार होता. आम्हाला ते धाडस आवडतं. पण त्याच वर्षी अमेरिकेत डग्लस अर्डली यांनी मोठी अडचण दाखवली. विश्वाच्या सुरुवातीच्या दाट द्रव्यात श्वेतविवर असेल, तर आत शिरू न शकणारं द्रव्य आणि प्रारण त्याच्या उंबरठ्याशी साचत जातं, त्याची ऊर्जा बेसुमार वाढते आणि त्या ओझ्यानेच त्याचं कृष्णविवर होऊन बसतं.

दुसरी अडचण जन्माची. तारा कोसळला की कृष्णविवर तयार होतं, ही प्रक्रिया आपल्याला समजते. श्वेतविवर मात्र कशापासून घडवता येत नाही. ते आधीपासून असावं लागतं. त्याचं केंद्र कायम 'काल'मध्येच. समीकरणांना दोन्ही दिशा सारख्या, तरी आजवर आकाशात निश्चितपणे ओळखलेलं श्वेतविवर एकही नाही.

आता प्रश्न घेऊ.