चहाआधीची गोळी

तुमच्या ऑफिसच्या फ्लोअरवर किती जण बसतात? पन्नास धरा. त्यातल्या चार-पाच जणांच्या घरी, उशीशेजारी किंवा डायनिंग टेबलवर, एक छोटीशी गोळ्यांची बाटली असण्याची दाट शक्यता आहे. उगाच नाही म्हणत. मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ शहरांत केलेली एक पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात जवळपास ११ टक्के प्रौढांना हायपोथायरॉइडिझम निघाला. बायकांमध्ये जास्त, वय वाढेल तसा जास्त, हे खरं. पण आपल्या वयाची मंडळीही त्यात होतीच. आणि कित्येकांना तपासणी होईपर्यंत पत्ताच नव्हता!

मी बाटलीवाल्यांपैकी. वय २९, मुक्काम डोंबिवली, नोकरी साकीनाक्याला. रोजचा प्रवास सेंट्रल रेल्वे अधिक मेट्रो, त्यामुळे ‘दमलेय’ या शब्दाला आमच्याकडे कुणी फारशी किंमत देत नाही. सगळेच दमलेले असतात. मीही सात-आठ महिने तसंच समजत होते. मे महिन्यात, बाहेर घामाच्या धारा असताना, मी ऑफिसात स्वेटर घालून बसायचे आणि एसीवरून सगळ्यांशी भांडायचे. बाथरूमच्या जाळीवर रोज केसांचा गुंता. चेहरा सकाळी सुजल्यासारखा. पोट साफ नाही. डबा अर्धा परत, तरी वजन चार किलोंनी वर. आणि डोक्यात सतत धुकं! मीटिंगमध्ये साधा शब्द आठवायला वेळ लागायचा.

यावर प्रत्येकाकडे निदान तयार होतं. टीम लीड म्हणाला, ‘‘हल्ली तुझं मोटिव्हेशन लो वाटतंय.’’ अप्रेझलच्या फॉर्मवर चक्क ‘ओनरशिप कमी पडते’ असा शेरा आला. आईचं निदान सर्वांत सोपं होतं, ‘‘रात्री तो मोबाइल बंद करून झोप, मग बघ.’’ शेवटी आमच्या कॉलनीतल्या फॅमिली डॉक्टरांनी माझा चेहरा नीट पाहिला, नाडी बघितली आणि रक्ताची एक तपासणी लिहून दिली. टीएसएच आलं ३८. नॉर्मल साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असतं. ओनरशिपची तपासणी लॅबमध्ये होत नाही, पण हिची होते.

आता हा टीएसएचचा फंडा क्लिअर करून घेऊ, कारण भल्याभल्यांचा इथे गोंधळ होतो. ‘आकडा जास्त म्हणजे थायरॉइड जास्त’ असं वाटतं ना? बरोब्बर उलटं! गळ्यातली फुलपाखरासारखी दिसणारी थायरॉइड ग्रंथी ही काम करणारी. मेंदूच्या तळाशी बसलेली वाटाण्याएवढी पिट्युटरी ही बॉस. टीएसएच म्हणजे बॉसने धाडलेले रिमाइंडर मेल. खालून काम येत नाही असं दिसलं की मेल वाढतात. ३८ चा अर्थ एवढाच, की बॉस दिवसरात्र मेल टाकतोय आणि बिचारी ग्रंथी काही देऊ शकत नाहीये.

का देऊ शकत नाही? माझ्या बाबतीत उत्तर होतं हाशिमोतो. हाकारू हाशिमोतो या जपानी सर्जनने १९१२ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. शरीराची स्वतःचीच संरक्षक फौज थायरॉइडला परकी समजते आणि हळूहळू तिची नासधूस करते. जिथे लोकांना पुरेसं आयोडीन मिळतं, तिथे थायरॉइड मंदावण्याचं हेच सर्वांत नेहमीचं कारण आहे. म्हणजे आयोडीनयुक्त मीठ जास्त खाऊन यावर काही उपयोग नाही. उलट आयोडीनचा अतिरेक त्रासच देऊ शकतो. शेजारच्या काकूंनी कोबी-फ्लॉवर कायमचे बंद करायला सांगितले होते. एंडोक्रायनॉलॉजिस्ट बाई हसल्या, ‘‘शिजवून खाता ना? मग खा.’’

उपाय एकच, जे बनत नाही ते बाहेरून घ्यायचं. लेव्होथायरॉक्सिन. हे तसं औषधही नव्हे, आपल्या ग्रंथीत बनणाऱ्या हॉर्मोनचीच हुबेहूब प्रत. याची सुरुवात मोठी रंजक आहे. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या डॉक्टरने ४६ वर्षांच्या एका बाईंना मेंढीच्या थायरॉइडच्या अर्काची इंजेक्शनं दिली. त्या बाई त्यानंतर २८ वर्षं जगल्या! आता मेंढ्यांची गरज नाही. एक पांढरी किंवा रंगीत चिमुकली गोळी, मायक्रोग्रॅममध्ये मोजलेली. मला सुरुवात ५० ने करून दिली.

गोळी गिळायला एक सेकंद लागतो. खरी अडचण आहे ती नंतरच्या तासाची.

एक तास, फक्त पाणी

गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा तास, शक्यतो तासभर, काही नाही. चहा नाही, कॉफी नाही, दूध नाही, बिस्किट नाही. ज्या घरात डोळे उघडायच्या आत आल्याच्या चहाचा वास येतो, त्या घरात हे सांगून बघा! आई पहिले आठ दिवस रोज कप घेऊन समोर उभी. ‘‘अगं, घोटभर तर घे, त्याने काय होतंय?’’

होतं. आतड्यात या हॉर्मोनला शिरायला मोकळी जागा लागते. कॉफी, दूध, सोया, जास्त तंतू असलेला नाश्ता, सगळे त्याच्या वाटेत येतात. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तर त्याला चक्क धरून ठेवतात, म्हणून त्यांच्यात आणि हिच्यात चार तासांचं अंतर हवं. अ‍ॅसिडिटीची औषधंही गडबड करतात. ठाण्याची माझी मावशी चौदा वर्षं गोळी घेतेय. डोस वाढत वाढत १२५ वर गेला, तरी टीएसएच हट्टाने वरच. नव्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘घेता कशाबरोबर?’’ मावशी म्हणाली, ‘‘कशाबरोबर म्हणजे? चहाबरोबर.’’ चौदा वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं! गोळी आणि चहा यांची फारकत केली आणि तीन महिन्यांत उलट डोस कमी करावा लागला.

मला आठच्या आतली फास्ट गाठायची असते. त्यामुळे अलार्म आता साडेपाचला. गोळी, पाणी, परत अर्धा तास आडवी. मग आंघोळ, मग चहा. बाटली उशाशी, कारण बाथरूमच्या दमट कपाटात किंवा गॅसच्या शेजारी ठेवली तर उष्णता आणि ओल यांनी गोळीचा कस कमी होतो. आपला पावसाळा तर तुम्हाला माहीतच आहे. ज्यांना सकाळ जमतच नाही, नाइट शिफ्टवाले वगैरे, त्यांच्यासाठी दुसरा पर्याय आहे. रात्री झोपताना, शेवटच्या खाण्यानंतर निदान तीन तासांनी. फक्त डॉक्टरांशी बोलून एक वेळ ठरवा आणि मग तीच ठेवा. आज सकाळी, उद्या रात्री असला प्रकार नको.

सहा आठवडे म्हणजे सहा आठवडे

क्रोसिन घेतली की तासाभरात डोकं थांबतं. आपली सवय ती. ही गोळी त्या जातीची नाही. आज घेतलेल्या गोळीतलं निम्मं हॉर्मोन आठवड्यानंतरही अंगात असतं. पातळी थराथराने चढते आणि स्थिरावायला पाच-सहा आठवडे घेते. म्हणूनच डोस बदलला की पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी. त्याआधी लॅबकडे धावणं म्हणजे पैसे वाया. याची चांगली बाजूही आहे. चुकून एखादा दिवस राहिला तर आभाळ कोसळत नाही.

पहिल्या आठवड्यात काही म्हणजे काहीच वाटलं नाही. दुसऱ्यात पोट साफ व्हायला लागलं, तेवढ्यानेही मला जग जिंकल्यासारखं वाटलं. चौथ्यात एका दुपारी लक्षात आलं, की स्वेटर खुर्चीवरच आहे. धुकं मात्र जाम हळू विरलं. केस तर आणखी दोन-तीन महिने गळतच राहिले. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून बरं. टीएसएच ३८ वरून ११ वर आलं, डोस ७५ झाला, मग ८८. आता २.१. वजन? अडीच किलो उतरलं, बस्स. थायरॉइडमुळे वाढलेलं वजन बरंचसं मीठ-पाण्याचं असतं. ते जातं. उरलेलं आपलं आपल्यालाच उतरवावं लागतं, हे मलाही आवडलेलं नाही.

म्हणून काहीजणी काय करतात, तर वजनासाठी मनानेच डोस वाढवतात. प्लीज, नको! जास्त झालेलं हॉर्मोन हृदयाला पळवतं, ठोके बिघडवतं, झोप उडवतं, हात थरथरतात आणि पुढे हाडंही पोखरली जातात. सावकाश चालणाऱ्या गाडीला धक्का द्यायचा असतो, दरीत लोटायची नसते.

अजून एक, खास आपल्या पिढीसाठी. केस गळतात म्हणून तुम्ही ज्या गोड गोड गमीज खाता ना, त्यातलं बायोटिन बऱ्याच लॅबमधल्या थायरॉइडच्या तपासणीला फसवू शकतं. जास्त मात्रेतलं बायोटिन पोटात असेल तर टीएसएच खोटंच कमी दिसतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल सावधगिरीची सूचनाही काढली होती. माझ्या शेजारच्या क्यूबिकलमधल्या मुलीचा डोस या असल्या रिपोर्टवरून कमी होणार होता. गमीज थोडे दिवस थांबवून पुन्हा रक्त दिलं, तर डोस व्यवस्थितच होता! रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बंद, आणि काय काय खाता ते डॉक्टरांना सांगा.

‘मुलीला काही आहे का?’

इथवर सगळं ठीक होतं. मग माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली.

बायोडाटात उंची, रंग, पगार, देवक सगळं असतं. थायरॉइडचा रकाना नसतो. मावशीचा सल्ला ठाम होता, ‘‘लग्न ठरेपर्यंत बोलायचं नाही. लोक उगाच मुलाबाळांचं विचारतात.’’ स्वतः चौदा वर्षं गोळी घेणारी, दोन मुलांची आई असलेली माझी मावशी! आईही तिच्या बाजूने. वाईट वाटलं, पण त्यांची भीती हवेतून आलेली नव्हती, हेही खरं. असे फोन त्यांनी ऐकले आहेत.

मी मुलाबाळांचा प्रश्न थेट डॉक्टरांनाच विचारला. त्या म्हणाल्या, उपचारच नसतील तर पाळी बिघडते, दिवस राहायला अडचण येते, गर्भपाताचा धोका वाढतो. टीएसएच ताब्यात असेल तर काळजीचं कारण नाही. फक्त आधी सांगायचं, आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली की लगेच फोन करायचा, कारण पहिल्या महिन्यांत बाळ आईच्याच हॉर्मोनवर असतं आणि डोस पाव ते निम्म्याने वाढवावा लागतो.

घरी येऊन मी आईला एवढंच विचारलं, ‘‘समजा, नाही सांगितलं. मग सासरी गेल्यावर सकाळी सगळे चहाला बसलेले असताना मी तासभर काय कारण सांगू? रोज? आयुष्यभर?’’

आई गप्प बसली. लपवायची म्हटली की गोळी चहाबरोबर जाणार, नाहीतर जाणारच नाही, हे तिला माझ्याइतकंच कळत होतं. अशा घरात दिवस राहिले तर डॉक्टरांना फोन करायलाही चोरी. आजारापेक्षा मला त्याची जास्त भीती वाटत होती.

पहिल्या स्थळाला मी दुसऱ्याच भेटीत सांगितलं, घाटकोपरच्या एका कॅफेत. पोटात गोळा आला होता. तो म्हणाला, ‘‘माझे बाबा घेतात. आमच्याकडे त्यांना सात वाजायच्या आत चहा विचारायचा नाही, असा नियमच आहे.’’ पुरुषांनाही असतं, प्रमाण कमी इतकंच. ते स्थळ पुढे जमलं नाही. त्याला बंगळुरूला जायचं होतं आणि मला डोंबिवली सोडायची नाहीये. असो.

गेल्या महिन्यात आणखी एक फोन आला. आई ओट्याशी उभी राहून बोलत होती. शिक्षण सांगितलं, उंची सांगितली, साकीनाका सांगितलं, आणि मग त्याच सुरात म्हणाली, ‘‘आणि हो, तिला थायरॉइडची गोळी आहे. सकाळी चहा जरा उशिराच घेते ती.’’