स्तोत्रपाठाची संथ लय

पर्युषण किंवा दशलक्षण पर्व जवळ आले की व्यापारी घरांतील संध्याकाळीचे स्वरूप बदलते. दुकानाची रोकड जुळवून मोठी माणसे घरी येतात, तेव्हा मुलांपैकी कोणी नवे स्तवन बसवीत असते, तर कोणी भक्तामर स्तोत्राचे पुढचे श्लोक पाठ करीत असते. पूर्वी हे शिकवण्याचे काम आजी किंवा पाठशाळेतील गुरुजी करीत. आज बहुतेक घरांत ते मोबाइलवरील ध्वनिमुद्रणाकडे गेले आहे. परंतु आजी अडलेल्या शब्दापाशी थांबत असे. ध्वनिमुद्रण थांबत नाही. गायक सराईत असतो, वाद्यमेळ वेगात चाललेला असतो, आणि ऐकणारे मूल जोडाक्षरे गिळून केवळ चाल उचलते. स्तवन पाठ होते. अक्षरे मात्र गळालेलीच राहतात.

जैन परंपरेने ही उणीव क्षुल्लक मानलेली नाही. तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश असे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी आम्नाय म्हणजे उच्चार शुद्ध राखून केलेली पुनरावृत्ती. श्वेतांबर परंपरेत प्रतिक्रमणाच्या वेळी ज्ञानाच्या ज्या अतिचारांची आलोचना होते, त्यांत अक्षर गाळणे, अक्षर वाढवणे आणि घोष बिघडवणे यांचा समावेश आहे. या दक्षतेला इतिहासाचे कारण आहे. शतकानुशतके श्रुतज्ञान मुखोद्गत परंपरेनेच टिकले. वलभी येथे देवर्द्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली इसवी सनाच्या पाचव्या शतकात आगम ग्रंथबद्ध झाले, असे श्वेतांबर परंपरा सांगते. दिगंबर परंपरेत आचार्य धरसेनांकडून पुष्पदंत व भूतबली यांनी ज्ञान ग्रहण केले आणि षट्खंडागम लिपिबद्ध झाला. लेखणी येईपर्यंत एका मुखातील चूक पुढच्या पिढीची चूक होण्याचा धोका कायम होता.

अशा पुनरावृत्तीसाठी आता ध्वनिमुद्रण संथ करणारी आणि त्याचा हवा तेवढाच तुकडा पुनःपुन्हा ऐकवणारी ॲप उपलब्ध आहेत. अमेझिंग स्लो डाउनर हे मुख्यतः संगीताच्या सरावासाठीच तयार केलेले आहे. संगणकावर ऑडेसिटी आणि व्हीएलसी ही मोफत साधने चालतात. यूट्यूबच्या सेटिंगमध्येही वेग पाऊणपट किंवा निमपट करता येतो.

वेग कमी केला तरी स्वर खाली उतरत नाही, हे या साधनांचे वैशिष्ट्य. तबकडीच्या काळात तसे नव्हते. मिनिटाला 33⅓ फेरे घेणारी तबकडी 16⅔ फेऱ्यांवर लावली की लय निम्मी होई. पण सूरही बरोबर एक सप्तक खाली जाई आणि स्त्रीचा आवाज घोगरा वाटू लागे. लय आणि सूर यांची ही गाठ संगणकाने सोडवली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी 1966 साली मांडलेली फेज व्होकोडर ही पद्धत या वाटेवरचा मोठा टप्पा होय. अशा पद्धतींत ध्वनीचे सेकंदाच्या अल्पांशाएवढे तुकडे करून ते एकमेकांवर किंचित चढवत नव्या अंतरावर मांडले जातात. तुकड्यातील कंपने तीच राहतात, म्हणून सूर बदलत नाही. तुकड्यांमधील अंतर वाढते, म्हणून लय संथ होते.

भक्तामर स्तोत्राच्या उदाहरणाने याचा उपयोग स्पष्ट होतो. आचार्य मानतुंगांचे हे स्तोत्र वसंततिलका वृत्तात आहे. प्रत्येक चरणात 14 अक्षरे असतात. त्यांत सात गुरू आणि सात लघू, म्हणजे एकूण 21 मात्रा. चार चरणांच्या श्लोकात 56 अक्षरे होतात. श्वेतांबर परंपरेत 44 आणि दिगंबर परंपरेत 48 श्लोक म्हटले जातात. म्हणजे 2464 किंवा 2688 अक्षरे कंठस्थ करायची असतात. मुद्रण संथ केले तरी गुरू आणि लघू यांचे परस्पर प्रमाण बदलत नाही. त्यामुळे वेगात निसटणारा दीर्घ स्वर आणि चाटून जाणारे जोडाक्षर वेगवेगळे ऐकू येते, आणि वृत्ताचा तोलही मोडत नाही.

वेळेचा हिशेब व्यापारी मनाला पटण्यासारखा आहे. एखादा श्लोक मूळ मुद्रणात 30 सेकंदांचा असेल, तर 60 टक्के वेगाने तो 50 सेकंद चालतो. दहा वेळा ऐकण्यास 500 सेकंद, म्हणजे साडेआठ मिनिटांहूनही कमी वेळ लागतो. दुकान उघडण्यापूर्वीच्या अवधीत एक श्लोक सहज होऊ शकतो. ज्या घरांतील वडीलधाऱ्यांनी पावकी, निमकी आणि पाऊणकी तालावर घोकून पाठ केली, त्यांना या पद्धतीत नवे काही वाटणार नाही.

सराव मात्र क्रमाने व्हावा. प्रथम आपल्या आम्नायाचा पाठ असलेले, वाद्यांचा गजर नसलेले मुद्रण निवडावे आणि छापील पोथीशी ते अक्षरशः ताडून पाहावे. मुद्रणातच चूक असेल, तर पुनरावृत्तीने तीच पक्की होते. त्यानंतर दोन चरणांचा तुकडा बांधून 70 ते 80 टक्के वेगाने तो ऐकावा. निम्म्याहून कमी वेग शक्यतो टाळावा. फार ताणलेल्या ध्वनीत व्यंजनांची धार बोथट होते आणि तबल्याचे बोल फुटल्यासारखे ऐकू येतात. पुढचा तुकडा घेताना मागच्या चरणाचा शेवटही त्यात असावा, कारण विस्मरण बहुधा दोन चरणांच्या सांध्यावर होते. तुकडा बिनचूक म्हणता आला की वेग पाच-पाच टक्क्यांनी वाढवावा.

स्तवने गाणाऱ्यांना सूर बदलण्याची सोयही लाभदायक ठरते. गायिकेचा षड्ज काळी दोनचा आणि घरातील मुलीचा काळी तीनचा असेल, तर मुद्रण तीन अर्धस्वरांनी चढवता येते. मुलीला गळा दाबून गावे लागत नाही. संथ लयीत मींड आणि मुरकी यांतील स्वर सुटे होतात, त्यामुळे पेटीवर ते शोधणे सोपे जाते.

या साधनांचा आणखी एक उपयोग घराघरांत तातडीने व्हायला हवा. अनेक वृद्ध स्त्रियांना अशी स्तवने आणि सज्झाय येतात, ज्यांच्या चाली कोठेही लिहिलेल्या नाहीत. त्यांच्याबरोबर त्या चाली जातील. शांत खोलीत, पंखा बंद करून, त्यांच्या आवाजात ती पदे मोबाइलवर मुद्रित करावीत, आणि पदाचे नाव, चाल व दिनांक सुरुवातीलाच बोलून ठेवावा. जुन्या कॅसेटवरील आवाज यंत्राच्या दोषाने चढलेला किंवा उतरलेला असेल, तर ऑडेसिटीत लय आणि सूर एकत्र बदलणारी वेगळी सोय आहे, तिने तो दुरुस्त होतो. आजीने घेतलेली हरकत नातवाला मग हवी तितक्या वेळा संथपणे ऐकता येते.

तरीही ही ॲप ऐकवतात. म्हणणाऱ्याचे ऐकून चूक सांगत नाहीत. 'श' आणि 'ष' यांतील भेद राहिला की पुसला गेला, अनुस्वार नाकात उमटला की नाही, हे जाणत्या माणसालाच कळते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी पाठ गुरुजींना, आजीला किंवा पाठ शुद्ध येणाऱ्या शेजाऱ्याला म्हणून दाखवावा. सामायिक आणि प्रतिक्रमणाच्या वेळी विजेची उपकरणे दूर ठेवण्याची मर्यादा असंख्य घरांत पाळली जाते. त्या 48 मिनिटांत मोबाइल हाताशी नसतो. जे कंठात उतरले असेल तेवढेच उपयोगी पडते. वर्षभराचा सराव त्या वेळेसाठी आहे, हे ध्यानात ठेवून आजच्या दोन चरणांना प्रारंभ करावा.