हलक्या बुटांची वीस वर्षं

2003 साली इंग्लंडच्या उत्तर भागात वेन एडी यांनी इनोव्ह-एट ही कंपनी काढली आणि बुटाच्या नावातच त्याचं वजन घालून टाकलं. पहिला बूट मडरॉक 290, म्हणजे एका पायाचा बूट 290 ग्रॅमचा. पुढे एक्स-टॅलॉन 212 आला, मग ट्रेलरॉक 150. हलक्या, पातळ तळाच्या बुटांची गोष्ट बहुतेक जण 2009 सालच्या एका पुस्तकापासून सुरू करतात. मला ती इथून सुरू करावीशी वाटते, कारण या बुटांच्या मागे सिद्धान्त नव्हता, चिखल होता. तिकडच्या डोंगरांवर ‘फेल रनिंग’ची जुनी परंपरा आहे. पायवाट असेलच असं नाही. ओलं गवत, दलदल, अंगावर येणारे उतार. पाणी पिऊन जड होणारा बूट तिथे कुचकामी, आणि तळ जाड असला की घोटा मुरगळायची भीती जास्त. एक्स-टॅलॉनच्या तळाला 8 मिलिमीटर उंचीचे रबरी दात होते. बाकी सगळ्याला कात्री. वजन उतरलं ते गरजेपोटी.

ते 2009 सालचं पुस्तक म्हणजे क्रिस्टोफर मॅकडूगल यांचं ‘बॉर्न टु रन’. मेक्सिकोतल्या कॉपर कॅन्यनच्या दऱ्याखोऱ्यांत राहणाऱ्या रारामुरी लोकांची ती कहाणी. त्यांच्यातला 55 वर्षांचा व्हिक्टोरियानो चुरो 1993मध्ये कोलोरॅडोतली लेडव्हिलची 100 मैलांची शर्यत टायरच्या तळाच्या वहाणा घालून जिंकला होता. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो आणि पायातले बूट भिरकावून द्यावेसे वाटतात, इतकं ते प्रभावी आहे. पाठोपाठ जानेवारी 2010मध्ये हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला. सवयीने अनवाणी पळणारे बरेचदा चवड्यावर उतरतात आणि त्यामुळे टाच आपटण्याचा तो तीव्र धक्का टळतो, असं त्यात दिसलं. दुखापती कमी होतात, हे त्यात सिद्ध झालेलं नव्हतं, तशी शक्यता तेवढी मांडली होती. लोकांनी मात्र ते सिद्ध झाल्यासारखंच वाचलं.

पुढची दोन-तीन वर्षं नुसती धामधूम होती. पाच बोटं वेगवेगळी असलेले व्हायब्रमचे फाइव्हफिंगर्स बाजारात आधीपासून होते. होडीच्या ओल्या डेकवर पाय घसरू नये हा त्यांचा सुरुवातीचा एक उपयोग. आता ते पळण्याचे बूट झाले. लेडव्हिल दोनदा जिंकलेला अँटन क्रुपिका आपल्या बुटांच्या टाचा घरीच चाकूने छाटायचा. न्यू बॅलन्सने त्यालाच हाताशी धरलं आणि 2011मध्ये मिनिमस ट्रेल आणला. त्याच वर्षी मेरेलचा ट्रेल ग्लव्ह आला. आपल्याकडे मिलिंद सोमण अनवाणी पळताना दिसू लागले आणि हा विषय घरोघरी पोचला. अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगांतून असे बूट सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत आले.

मिनिमस ट्रेल हातात घेतला की त्याचं कौतुक वाटायचंच. दोन बोटांनी दुमडावा तर अख्खा बूट वळतो. आत अस्तर इतकं मऊ की मोजे नकोत. तळाला गोल-गोल चकत्या, मध्ये रिकाम्या जागा. कोरड्या कातळावर तो पायाला चिकटून चालायचा. पण सह्याद्रीत कातळाइतकाच घसारा असतो. सुट्या मुरमावर त्या चकत्यांना धरायला काही मिळत नाही, आणि उतरताना चवड्याखाली एखादा टोकदार दगड आला की कळ डोक्यापर्यंत जाते. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांवर तर विचारूच नका. हा बूट वाईट नव्हता. त्याला हवी असलेली जमीन वेगळी होती.

मग हिशेब चुकते झाले. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा 2013चा अभ्यास मला या सगळ्या काळातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अनुभवी धावपटूंना दहा आठवड्यांत हळूहळू फाइव्हफिंगर्सकडे नेलं आणि पायांचे एमआरआय काढले. 19पैकी 10 जणांच्या पायाच्या हाडांत सूज वाढलेली दिसली. दहा आठवडे म्हणजे घाई नव्हे, असं आपल्याला वाटतं. स्नायू तेवढ्यात जुळवून घेऊ लागतात. हाडांना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. 2014मध्ये व्हायब्रमने आरोग्यविषयक दाव्यांवरून झालेला खटला 37.5 लाख डॉलरवर मिटवला, चूक मान्य न करता. 2017च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: वजन साधारण 71 किलोंच्या वर असेल तर अशा बुटांत दुखापतीचा धोका वाढतो. दुकानात मात्र बूट किती ग्रॅमचा हे सगळे विचारतात, पळणारा किती किलोचा हे कुणी विचारत नाही.

दरम्यान फ्रान्समध्ये होकाने 2009पासूनच गाद्यांसारखे जाड बूट काढले होते, उतारावर बेधडक सुटता यावं म्हणून. बाजार तिकडे वळला. तरीही त्या लाटेतलं बरंच काही टिकलं, याचं मला मनापासून समाधान आहे. अल्ट्राचा लोन पीक 2011मध्ये आला. टाच आणि चवडा एकाच उंचीवर, बोटांना पसरायला ऐसपैस जागा, खाली मात्र पुरेसा फोम. अनवाणी चळवळीतला पायाच्या आकाराचा मुद्दा त्याने घेतला आणि पातळ तळाचा हट्ट सोडला. आज टाचेचा उंचवटा किती, पुढे रुंदी किती हे प्रश्न पहिल्यांदा बूट घेणाराही विचारतो. त्या लाटेआधी ते कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

सिंहगड–राजगड–तोरणा वाटेवर आता अल्ट्रा शर्यत होते, आणि तिची तयारी करणारी मुलं हलके बूट कोणते घ्यावेत असं विचारतात. मी वजनाचा आकडा शेवटी बघायला सांगतो. बुटातला इनसोल बाहेर काढून त्यावर अनवाणी उभं राहावं. बोटं कडेबाहेर जात असतील तर तो बूट ठेवून द्यावा, कारण तोरण्याच्या उतरणीवर नखं काळी पडणार हे ठरलेलं. चवड्यावर अंगठ्याने खालून जोर द्यावा. बोट सहज आत जाणवलं तर दगडही जाणवेल, तेव्हा आत पातळ रॉक प्लेट असलेला बूट पाहावा. दात चार-पाच मिलिमीटरचे पुरेत. आठ मिलिमीटरचे चिखलात उत्तम, पण उघड्या कातळावर पाय डळमळतो आणि रबर लवकर झिजतं. ओल्या खडकासाठी रबर मऊ हवं, ते नखाने दाबून कळतं. आणि पूर्ण सपाट तळाचा बूट घेतलाच, तर पहिले काही महिने तो टेकडीवरच्या छोट्या फेऱ्यांपुरता ठेवावा, लांब पल्ल्याला जुनेच बूट घालावेत. पोटरी आधी बोलते. पावलाच्या वरच्या बाजूला, लेसखाली, एका ठिकाणी बोट ठेवल्यावर दुखू लागलं तर पळणं त्याच दिवशी थांबवून डॉक्टर गाठावा.