गोवा १९६१ मध्येच भारतात आला, मग पोर्तुगालशी करार १९७४ मध्ये का झाला?

१९ डिसेंबर १९६१. भारतीय सैन्याच्या 'ऑपरेशन विजय'पुढे पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. १२व्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण आणि दीव २० डिसेंबर १९६१ पासून केंद्रशासित प्रदेश झाले. पण लिस्बनमधलं सालाझार सरकार हे प्रदेश आपलेच मानत राहिलं.

मग पोर्तुगाल तयार कधी झालं?

एप्रिल १९७४ मध्ये लष्करी उठाव होऊन तिथली हुकूमशाही कोसळली. नव्या सरकारने वसाहती सोडायचं ठरवलं. ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत करार झाला. सह्या केल्या दोन परराष्ट्रमंत्र्यांनी: भारताचे यशवंतराव चव्हाण आणि पोर्तुगालचे मारियो सोआरेस.

दादरा-नगर हवेलीही या करारात होती. त्यातली तारखेची गोष्ट महत्त्वाची. हे प्रदेश भारतीय राज्यघटनेनुसार ज्या दिवशी भारतात आले, त्या दिवसापासूनच ते भारताचे, असं पोर्तुगालने मान्य केलं.

सही झाली म्हणजे काम संपलं?

नाही. सहीनंतर दोन्ही देश आपापल्या नियमांनुसार करार मंजूर करतात आणि मंजुरीपत्रांची देवाणघेवाण होते. गोव्याचा करार जून १९७५ मध्ये लागू झाला.

पुदुच्चेरीचा कारभार फ्रान्सने १९५४ मध्येच सोपवला होता. करार १९५६ मध्ये झाला, पण फ्रेंच संसदेची मंजुरी मिळून तो लागू व्हायला ऑगस्ट १९६२ उजाडला.

भारतात संसदेची परवानगी लागते का?

करार मंजूर करणं हे केंद्र सरकारचं काम. पण देशाची जमीन दुसऱ्या देशाला द्यायची, तर घटनादुरुस्ती हवीच, असं सुप्रीम कोर्टाने १९६० मध्ये बेरुबारी प्रकरणात सांगितलं. म्हणूनच बांगलादेशशी भूभागांची अदलाबदल करताना २०१५ मध्ये १००वी घटनादुरुस्ती झाली.

मराठवाड्यासाठी असा करार का नाही?

बीड जिल्ह्यातलं चकलांबा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. हे संस्थान १९४८ मध्ये भारतात आलं. तिथे प्रश्न एका संस्थानाचा होता, गोव्यात मात्र समोर युरोपातला देश होता.

आज याचं काय?

जमिनीचा वाद मिटला, पण १९ डिसेंबर १९६१ ही तारीख अजून कामाला येते. त्याआधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येतं. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. त्यामुळे ते घेतलं, की भारतीय नागरिकत्व जातं.