ठाकुर्ली ते लोणावळा: स्वस्त तिकिटाचं गणित

मागच्या वेळी बऱ्याच जणांनी विचारलं होतं की एका दिवसात लोणावळा करायचंय, सगळ्यात स्वस्त तिकीट कोणतं? तर आज त्यावरच बोलूया. सुरुवात अर्थात आपल्या ठाकुर्लीपासून. एकेकाळी इथे रेल्वेचं स्वतःचं वीजघर होतं, चोळा पॉवर हाऊस. पण फास्ट लोकल काही आपल्याकडे थांबत नाही! त्यामुळे स्लो पकडून आधी कल्याण गाठायचं. पाच रुपये.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. मुंबईची लोकल कर्जतला संपते आणि पुण्याची लोकल लोणावळ्याला सुरू होते. मधे बोरघाट, साधारण 28 किलोमीटर, आणि तिथे लोकल नाही. म्हणजे घाट चढायचा तर मेल-एक्स्प्रेसच.

इथे बरेच जण डोकं लढवतात. कर्जतपर्यंत लोकल, एका वडापावाच्या पैशात, आणि पुढे जनरलचं तिकीट. ऐकायला भारी वाटतं. पण मेल-एक्स्प्रेसच्या सेकंड क्लासचं किमान भाडं 50 किलोमीटरचं असतं, 30 रुपये. तुम्ही जाणार 28 किलोमीटर आणि पैसे भरणार पन्नासचे. कल्याण ते लोणावळा सरळ जनरल तिकीट काढलं तरी हिशोब जवळपास तेवढाच होतो, वर कर्जतला गाडी बदलायची धावपळ नाही. मी तरी सरळच काढतो. आणि लोकलचं तिकीट घेऊन एक्स्प्रेसमध्ये चढू नका हं. टीसीने पकडलं तर किमान दंड 250 रुपये, भाडं वेगळं.

खरा पैसा कुठे जातो सांगू? वरच्या आकारांत. रिझर्व्हेशन असलेल्या सेकंड सीटिंगला माणशी 15 रुपये आरक्षणाचे. गाडी सुपरफास्ट असेल तर आणखी 15. आयआरसीटीसीवरून यूपीआयने काढलं तर प्रत्येक तिकिटामागे 10 रुपये आणि टॅक्स. लांबच्या प्रवासात हे जाणवत नाही, पण लोणावळ्याचं मूळ भाडंच इतकं कमी की वरचे पैसे डोळ्यात येतात. चार मित्र, जाऊन-येऊन, दोन्ही गाड्या सुपरफास्ट: 30 गुणिले 4 गुणिले 2, झाले 240. यात भाडं धरलेलंच नाही!

सुपरफास्ट ओळखायची कशी? नंबर बघा. 12, 20 किंवा 22 ने सुरू होतो. सकाळची इंद्रायणी 22105, म्हणजे सुपरफास्ट. तिच्यानंतरची डेक्कन एक्स्प्रेस 11007, म्हणजे नाही. दोन्ही कल्याणला थांबतात, दोन्ही लोणावळ्याला थांबतात. जनरलच्या तिकिटावरही हा फरक लागतो, म्हणून रेलवन ॲपवर तिकीट काढताना गाडीचा प्रकार बरोबर निवडा. आर-वॉलेटमधून पैसे भरले तर 3 टक्के सूट मिळते. चाळीस रुपयांवर ती होते रुपयाभर, पण ठीक आहे, सोडायची कशाला!

ॲपवरचं तिकीट प्लॅटफॉर्मवर उभं राहून निघत नाही, ते स्टेशनबाहेरच काढून ठेवा. आणि हे पेपरलेस तिकीट रद्द होत नाही. रिझर्व्हेशनचं होतं, पण कन्फर्म सेकंड सीटिंगला माणशी कमीत कमी 60 रुपये कापले जातात. छोट्या प्रवासात हातात जवळजवळ काही उरत नाही. पावसाळ्यात "जायचं की नाही ते सकाळी बघू" असा प्लॅन असेल तर आधी बुक करूच नका.

मग रिझर्व्हेशन कधी? माझं मत, फक्त परतीचं. सकाळी सगळे ताजे असतात, घाटापर्यंत उभं राहिलं तरी चालतं. रविवारी संध्याकाळी लोणावळ्याहून येणारा जनरल डबा मात्र वेगळंच प्रकरण आहे. भिजलेले कपडे, दुखणारे पाय आणि दारापर्यंत गर्दी. तिथे ते 15 रुपये डोळे झाकून द्या. सोबत आई-बाबा किंवा लहान मूल असेल तर दोन्ही बाजूंचं करा, वाद नको.

वेळापत्रक मात्र निघायच्या आदल्या रात्री ॲपवर बघाच. रविवारी मेगाब्लॉक असतो, आणि ठाकुर्लीहून कल्याणला जाणारी एक स्लो चुकली तर पुढची एक्स्प्रेसही गेली.

कसाऱ्यालाही असंच आहे, लोकल संपते आणि पुढे इगतपुरीपर्यंत घाट. ते गणित पुढच्या एपिसोडमध्ये करू. तुमच्या स्टेशनहून कुठे जायचंय ते व्हॉइस नोटवर कळवा.